शिंगाल्याचं पान

"मी सांगतू, तो यवरा वायट नवता." परशुराम गायकर शिडीवरून बोलला. दातांत सुतळी धरलेली, त्यामुळं निम्मे शब्द तोंडातच राहत होते. "ज्यो राजा सोताचे हातान घोरा धुतो, त्यो मानूस कवरा वायट असंल? तूच बोल."

"न पोरांना मरक्यान कोंबली, त्याचा कं?" खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला त्याचा मेव्हणा विठ्ठल म्हणाला. "ती पन धुतली का घोऱ्यासंगती?"

"मरक्यान ठेवली. मारली नय."

"सगली नदी बेंडकाला पाजली."

"नदी कोन नय पाजत? आपली कालू बग जाऊन. तिचा पानी कवरा रायलाय?"

"दाजी, तुमी वकील व्हाला पायजे व्हतं. मांडव कला बांधत बसलाव?"

ऐकणाऱ्याला वाटावं, गावातल्या कुणा बांध कोरणाऱ्याची उणीदुणी निघत आहेत. पण शिंगाल्या हा माणूसच नव्हे. तो सिनेमातला राजा. डोक्याला बोकडासारखी वळलेली शिंगं, तोंड पिठासारखं पांढरं, अंगावर काळा झगा. उडत्या होड्या, बोलती झाडं, मडक्यात कोंबलेली पोरं, अख्खी नदी पिणारा घराएवढा बेडूक, असला तो परदेशी सिनेमा. त्याचं खरं नाव गावात कुणालाच ठाऊक नाही. आम्ही म्हणायचो शिंगाल्याचा पिच्चर.

गाव आमचा आंबिवलीच्या पुढं, काळू नदीच्या अंगाला. पलीकडच्या टेकाडावर आता वीस-वीस माळ्यांचे टॉवर उभे राहिले आहेत, त्यातली माणसं गच्चीत उभी राहून आमच्या हळदीचा डीजे ऐकून पोलिसांना फोन करतात. गाव अजून गावच आहे. हळद म्हटली की भाताच्या खाचराएवढा मांडव लागतो, आणि मांडव म्हटला की परशुराम.

त्या दिवशी तो बांधत होता तो मांडव त्याच्याच नातीचा. सान्वीची हळद दुसऱ्या दिवसावर आलेली. ती ठाण्याला एका जाहिरातीच्या कंपनीत व्हिडिओ जोडायचं काम करते. तिनं आजोबाला खूश करायचं म्हणून तो सिनेमा शोधून काढला होता. अख्खा, हिंदीत, आणि शेवटासकट. मांडवात मोठा पडदा लावून सगळ्या गावाला तो दाखवायचं तिच्या मनात होतं.

आजोबा खूश झाला नाही. सकाळपासून त्याच्या तोंडाला चव नव्हती. कारण तो शेवट गावात कुणीच पाहिलेला नव्हता, परशुरामानंसुद्धा नाही. आणि त्या न पाहिलेल्या शेवटावर त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं. शेवटात शिंगाल्या जर खरोखरचा हरामखोर निघाला, तर उद्या नातीच्या मांडवात, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांपुढं, त्याच्या शब्दाला कोण विचारणार होतं?

हे नीट कळायचं तर थोडं मागं जावं लागेल.

परशुराम तरुणपणी कंपनीत लागला होता. कंपनीत संप झाला, संपात त्यानं मिशी वाढवली आणि नोकरी घालवली. मग कल्याणहून भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणून हळदीला, साठीला, बारशाला लावायचा धंदा धरला. टीव्ही रिक्षातून यायचा, गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीला आणावं तसा. परशुराम त्याच्या बाजूला अर्धा बाहेर लोंबकळत. रिक्षा वेशीत दिसली की आम्ही पोरं अर्धवट जेवण टाकून पळायचो. टीव्हीपुढं नारळ फुटायचा, म्हाताऱ्या त्याला हळदकुंकू लावायच्या. एकदा कुणीतरी काचेलाच कुंकू लावलं, तर अख्खा सिनेमाभर नट्यांच्या कपाळावर एकच मोठं कुंकू फिरत राहिलं. कुणाची तक्रार नव्हती.

विठ्ठल, म्हणजे परशुरामच्या बायकोचा, शेवंतीचा भाऊ, तेव्हा आखातात होता. स्वतःच्या लग्नाला आला तेव्हा दोन बॅगा, एक ब्लँकेट आणि शिंगाल्याची कॅसेट घेऊन आला. कॅसेट कुठल्या भाषेतली हे त्यालाही सांगता येईना. "तिकडं सगले बगतान," एवढंच तो म्हणाला. हळदीच्या आदल्या दिवशी ती लावली. चित्रं अशी की डोळा हलेना, पण बोलणं कळेना. तेव्हा परशुराम उठून टीव्हीशेजारी उभा राहिला आणि हातात वेताची छडी घेऊन आगरीत सांगायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा त्यालाच दम निघेना.

"यो शिंगाल्या. याची आय लहानपनीच गेली. यो घोरा याचा एकुलता एक दोस्त. बगा कसा धुतो. आपले म्हशीला कोन धुतो का असा?"

त्या सिनेमात एक जागा आहे. एक लहान राजा असतो, दहा-बारा वर्षांचा, एक डोळा पांढरा. शिंगाल्या त्याला कड्याच्या टोकाला गाठतो आणि तलवार वर उचलतो. तलवार वर गेली, आणि आमच्या गावची लाईट गेली. ती काही त्या रात्री परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी हळद. शूटिंगला कल्याणचा माणूस बोलावलेला, खांद्यावर शेणीच्या हाऱ्याएवढा कॅमेरा. ऐन नाचात त्याची कॅसेट संपली. विठ्ठल नवरदेव, अंगभर हळद, दारूही थोडी पोटात. त्यानं घरातली कॅसेट आणून दिली, "घाल ही." ती शिंगाल्याची होती. जिथं लाईट गेली होती तिथंच थांबलेली. त्या माणसानं तिथून पुढं विठ्ठलची हळद भरली.

पुढच्या लग्नसराईत परशुरामानं ती कॅसेट लावली. शिंगाल्यानं तलवार उचलली. पडद्यावर पांढरे पट्टे सरकले. आणि तलवार खाली यायच्या जागी हळदीनं पिवळा झालेला विठ्ठल दात काढून नाचताना दिसला. भोवती आमच्याच बाया, मधे शेवंती, कमरेला पदर खोचून.

पुढच्या रांगेतली पोरं गुडघ्यांवर उठली. मग आम्हा पोरांतून कोणीतरी ओरडलं, "शिंगाल्या हलदीला आयला!"

आम्ही ते खरं मानलं. खोटं का मानावं? शिंगं काढून ठेवली, तोंड धुतलं, हळद लावली की माणूस विठ्ठलसारखाच दिसणार. मोठी माणसं हसून हसून आडवी झाली. पण परशुराम हसला नाही. त्यानं छडी उचलली आणि गंभीर तोंडानं पुढं चालू ठेवलं. "तवा त्या पोराचा डोला बगून शिंगाल्याचा हात थांबला. त्याला आयची सय आली. त्याना तलवार टाकली. पोरगा बोलला, चल, आमचे गावान हलद हाय, जेवाला चल."

कुणीतरी विचारलं, "मंग जेवला का?"

प्रश्न वाजवी होता. आमच्याकडं हळदीच्या जेवणाआधी पानं काढून ठेवतात. देवाचं पान देव्हाऱ्यापुढं. पितरांचं चुलीजवळ. चेडा, म्हणजे गावाची वेस राखणारा भूतखेतांचा मुकादम, त्याचं वेशीवर चिंचेखाली. पान कुठं ठेवलं यावरून कोण किती आपला ते कळतं. बोलावून आणलेल्या पाहुण्याला उपाशी ठेवायची तर रीतच नाही. एका म्हातारीनं केळीच्या पानावर भात, वालाचं बिरडं आणि दोन वडे घातले आणि मांडवात उंबराची फांदी बांधलेल्या खांबाशी ठेवून दिले. "खा बाबा. न पोराबालांना हात नको लावूस."

ते पान राहिलं. प्रत्येक हळदीला. पुराच्या साली काळूचं पाणी गावात शिरलं तेव्हा व्हिडिओ गेला, कॅसेट गेली, शेवंतीचं ते तरुण नाचणंही गेलं. परशुराम मांडवाच्या धंद्यात पडला. पण पोरं जमली की गोष्ट तोच सांगायचा, तलवारीपर्यंत छडी वर नेऊन. आणि मग पान. आता ज्या पोरांनी कॅसेट म्हणजे काय ते पाहिलेलं नाही, तीही खांबाशी वाकून बघतात, वडे कमी झाले का.

विठ्ठल मात्र त्या दिवसापासून गावचा शिंगाल्या झाला. दुधाच्या डेअरीत, सोसायटीच्या बैठकीत, सासरवाडीत. बायकोनं भांडणात म्हटलं, ग्रामसेवकानं पत्रिकेवर लिहिलं. त्या नावाचा राग तो सिनेमातल्या शिंगाल्यावर काढायचा, आणि म्हणूनच तो वाईटच होता असं इतक्या पोटतिडकीनं सांगायचा.

तर दुपारी सान्वी लॅपटॉप घेऊन मांडवात आली. हाताला मेंदी, त्यामुळं लॅपटॉप दोन कोपरांत धरलेला.

"आजोबा, खाली या ना. उद्या लावायच्या आधी एकदा शेवट चेक करूया. मी पण नाय बघितलेला. म्हटलं तुमच्यासोबतच बघू."

"मना कामा हान."

"काम काय पळून चाललंय? दहा मिनटांचं तर आहे."

"न्हाय बगाचा तर नका बगू," शेवंती घरातून बाहेर येत म्हणाली. तिच्या हातात तांदळाचं सूप. "पन मी सांगून ठेवतंय. माजे नातीचे हलदीला मी पोरमाऱ्याचा पान ठेवनार नय. आदी बगा, मंग ठेवा."

"इतकी वर्सा ठेवलास तो?"

"इतकी वर्सा तुमी सांगलाव म्हनून ठेवला. आथा दाखवनारा आलाय."

परशुरामानं शिडीवरूनच हातातली गाठ आवळली. मग उतरला. घरातला मोठा टोप उपडा घातला, त्यावर लॅपटॉप ठेवला. शेवंती सूप मांडीवर घेऊन बसली, मांडवाला हात लावायला आलेले आम्ही तिच्यामागं उभे राहिलो. विठ्ठलनं खुर्ची इतकी पुढं ओढली की पडद्यावर त्याचीच सावली पडली.

"सर रं मागं, शिंगाल्या," शेवंती म्हणाली.

"बगलाव? घरचीच मानसा."

सान्वीनं पुढं सरकवत सरकवत तो कडा आणला. शिंगाल्या दिसला. इतक्या वर्षांनी, आणि असा स्वच्छ, की झग्याची शिवण दिसत होती. आम्ही पाहिलेला पावसाळी, थरथरता शिंगाल्या वेगळा होता. तो हिंदीत काहीतरी बोलला. आवाज बारीक, नाकातला.

"याचा आवाज असा नय," परशुराम लगेच म्हणाला. परशुरामानं त्याला नेहमी स्वतःच्या पोटातला आवाज दिला होता, घागरीत बोलल्यासारखा.

"डब केलंय, आजोबा."

"कोनी पन करू दे. असा नय."

तलवार वर गेली. मी शपथेवर सांगतो, आम्ही सगळे पांढऱ्या पट्ट्यांची वाट बघत होतो. विठ्ठलचा हात नकळत केसांवरून फिरला.

तलवार खाली आली. त्या पोरानं अंग चोरलं, तलवार दगडात रुतली. पोरगं लाकडी पुलावरून पळालं. पुलाला आग लागली. कशी लागली ते काही मला समजलं नाही, तसल्या सिनेमात लागते. मागून कडा कोसळायला लागला, पुढं जळता पूल, मधे शिंगाल्या आणि त्याचा घोडा. घोडा पुढं पाऊल टाकेना. शिंगाल्यानं त्याच्या मानेवरून हात फिरवला. सावकाश, धुताना फिरवायचा तसा.

"बगा," परशुराम हळूच म्हणाला. "बगा कसा करतो."

आणि शिंगाल्यानं घोड्याच्या डोळ्यांवर स्वतःचा झगा बांधला, त्याला आगीत ढकललं, आणि तो पडल्यावर त्याच्या पाठीवर पाय देऊन पलीकडं गेला.

शेवंतीच्या सुपातले तांदूळ एका बाजूला सरकले. सान्वीनं मेंदीचा हात तोंडाकडं नेला आणि मेंदी आठवून तसाच धरला. पुढं पोरानं शिंगाल्याला कसा मारला, आकाशातून फुलं कशी पडली, ते चालू होतं, पण बघत कोणीच नव्हतं. परशुराम बांबूंच्या ढिगाकडं बघत होता.

"बंद कर गो बाय," तो म्हणाला.

सान्वीला आता स्वतःचाच राग आलेला. चांगलं करायला गेली आणि हे झालं. ती भरभर बोलायला लागली. "आजोबा, याचा पार्ट टू पण आहे. मी वाचलंय ना. त्यात दाखवलंय तो असा का झाला. त्याच्या बापाने त्याला लहानपणी विहिरीत सोडलेलं. म्हणजे बेसिकली त्याची चूक नाय. ट्रॉमा आहे तो."

"बापसाचा मार मी पन खाल्ला," परशुराम म्हणाला. "नांगराचे कासऱ्यान. इठ्ठल तं हिरीन परला व्हता, इचार त्याला. आमी कोनाचा घोरा जालला?"

"मना ढकलला व्हता," विठ्ठल म्हणाला. "तुमीच ढकलला व्हता, दाजी."

"पवाला शिकव म्हनून तूच बोलला व्हतास."

शेवंतीनं सूप खाली ठेवलं. "मंग? कवरा वायट?"

तिला थट्टा करायची नव्हती. उद्या पान ठेवायचं की नाही, आणि ठेवायचं तर कुठं, हे तिला ठरवून पाहिजे होतं.

परशुराम बांबूंवरची नजर न हलवता बोलला. "लय वायट. पोराला मारीत व्हता तो रागान. रागान मानूस कं पन करतो. पन घोऱ्याचे डोल्यांना फडका बांदला. मंजे त्याना इचार केला."

इतका वेळ जिंकत आलेला विठ्ठल यावर खूश व्हायला हवा होता. तो खुर्चीत चुळबुळला. "दाजी, यवरा पन नका बोलू. पिच्चर हाय तो. घोरा खरा नसंल जालला."

"कं रं, आथा तुजा सोयरा झाला?"

"तसा नय. पन गाव मना शिंगाल्या बोलतो. आजपावतर हसून बोलतो. उद्या ह्यो बगून कं बोलंल?" त्याचा आवाज खरंच उतरला. "माजे नातवाचे मुंजीला... बारशाला कोन येल?"

"नाव ठेवाला येतील," शेवंती म्हणाली, आणि तिला स्वतःलाच हसू आलं. मग सान्वीला, मग विठ्ठललाही. परशुराम तेवढा हसला नाही.

"पान खांबाशी नय ठेवाचा," तो शेवटी म्हणाला. आम्हा सगळ्यांना ते ऐकताना कसंसंच झालं. त्या खांबाशी वाकून वडे मोजण्यात आमचं लहानपण गेलं होतं.

"मंग वेशीवर ठेवू, चेड्याचे बाजूला," विठ्ठल म्हणाला.

"चेड्याचे बाजूला कला?" शेवंती उसळली. "चेडा भूत असला तरी गाव राखतो. ह्याना कं राखला? सोताचा घोरा नय राखला. चेडा उद्या माजे सपनान येल, बोलंल, शेवंते, माजे पंगतीला कोनाला बसवलास?"

"मग ठेवूच नका ना," सान्वी म्हणाली. "सिंपल."

"उपाशी नय ठेवाचा," परशुराम म्हणाला. "पान कं तो चांगला हाय म्हनून ठेवतो? चांगल्याला कोन पन जेवाला घालतो. वायट मानूस उपाशी रायला तं ज्यास्त वायट व्हतो. मांडवाचे भायेर ठेवू. शेवटचे बांबूचे पल्यार, गटाराचे कडंला. त्याला हलद दिसंल, वाजाप आयकू येल. आत पाय टाकाचा नय."

शेवंतीनं मान हलवली. तिला ते पटलं. "न वडा एकच. दोन नय."

"एकच."

"आणि पिच्चर?" सान्वीनं विचारलं. "स्क्रीनचं काय करू? कॅन्सल करू?"

"हलदीचे घरान मयत नय दाखवाची," आजीनं सांगितलं. "तुजे लहानपनीचे फोटो लाव. नागडी बसलेली हायस परातीन, त्यो पयला."

"आज्जी!"

"तलवार वर जाते तवरा दाखव," परशुराम म्हणाला. "तिथं बंद कर. फुरं मी सांगीन."

सान्वीनं त्याच्याकडं पाहिलं. "काय सांगणार? आता तर तुम्हाला माहितेय. परत तेच सांगणार, त्याने तलवार टाकली म्हणून?"

"तसा आथा सांगता येनार नय." तो उठला, गुडघे चोळले. "घोऱ्याचा सांगीन. पोरांना कलला पायजे. शिंगाल्या मेला म्हनून नय सांगनार. पलाला, न कवा कवा हलदीला येतो, भायेर उभा रातो, म्हनून सांगीन."

"पोरा घाबरतील," विठ्ठल म्हणाला.

"थोरी घाबरली पायजेत. उगा खांबाशी जाऊन वडे चाखतान. मना म्हाईत नय?"

माझे कान गरम झाले. मी दुसरीकडं बघितलं.

शेवंती सूप उचलून आत गेली. सान्वी कोपरांत लॅपटॉप धरून तिच्यामागं. जाताना तिनं वळून विचारलं, "आजोबा, रागावलात?"

"नय गो बाय. बगाला पायजेच व्हता. लवकर बगाला पायजे व्हता." तो खिशात सुतळीचं बंडल शोधत होता. बंडल शिडीखाली पडलं होतं. विठ्ठलनं ते पायानं त्याच्याकडं सरकवलं.

गटाराच्या बाजूची बांबूची ओळ अजून उभी करायची होती. आचाऱ्याचा टेम्पो संध्याकाळी येणार, त्याला वळायला जागा सोडून. परशुरामानं पावलांनी अंतर मोजलं, पहारीनं जमिनीवर खूण केली, खड्ड्याला सुरुवात केली. दोन घाव घातले, दगड लागला. पहार बाजूला टेकवून त्यानं हातानं माती उकरली.

"इठ्ठल, बसून नको राव. बांबू धर."

"कोनचा?"

"लांब. वाकडा नको आनूस, झालर लोंबते."

विठ्ठल खुर्चीतून उठला आणि ढिगाकडं गेला.